गळाचं टोक घासू नका! (आणि ओलोनाबद्दल थोडं)

तुम्ही लिहिलंय की हवाईतल्या हिलो गावात हाडाचा मासे धरायचा गळ घेतला, पण टोक दांड्याकडे इतकं वळलंय की मासा अडकायला फटच नाही, म्हणून कानशीने घासून मोकळं करणार. शिवाय दोरीसाठी ओलोना (सालीच्या धाग्याची दोरी होते ते हवाईतलं झुडूप) जंगलात कुठे मिळेल हेही विचारलंय. आधी कानस खाली ठेवा.

गळ बरोबर आहे. हवाईत जुने कारागीर मुख्यतः दोन तऱ्हेचे गळ करत. एकाचं टोक दांड्याला समांतर, तिथे मासा लागला की हिसका द्यायचा. दुसऱ्याचं टोक आत वळलेलं, तुमच्याकडचं तेच. इथे दोरी नुसती ताणून धरायची, गळ जबड्याच्या कडेशी आपणहून फिरतो आणि रुततो. हिसका दिलात तर मासा जाईल, हाडही मोडेल. खोल पाण्यात हिसका धड खाली पोचतही नाही. आजचे गोल गळ याच तत्त्वावर चालतात. हवाईच्या स्वोर्डफिश हा मासा धरणाऱ्या नौकांना 2004 पासून ते सक्तीचे आहेत, कासवं वाचावीत म्हणून.

समुद्रातून बेटं ओढून काढणाऱ्या माउईच्या हवाई दंतकथेतही मला हेच, दोरी ताणून धरणं, दिसतं (अभ्यासक नाही, माझं आपलं मत). मानाइआकालानी हा त्याचा गळ, आमिष म्हणून त्याच्या आईचा, हिनाचा, लाडका अलाए पक्षी (एक पाणकोंबडी). भावांना बजावलेलं, वल्ही मारा, मागे बघू नका. ते वळून बघतात, दोरी तुटते, आणि एकसंध भूमी वर यायच्या ऐवजी सुटी बेटं राहतात. सगळे गळाचंच कौतुक करतात. गेली ती दोरी!

म्हणून ओलोना. खाजऱ्या झुडपांच्या कुळातली, पण हिला खाज नाही. साल सोलून अरुंद फळीवर कासवाच्या कवचाने खरवडायची, आपल्याकडे घायपाताचा वाख काढतात तसंच, मग मांडीवर पीळ देऊन वळायची. सरदारांच्या पिसांच्या झग्यांखालची जाळीसुद्धा हिचीच.

सरकारी जंगलातून तोडायला परवानगी लागते, लागायलाच हवी. पण मी ज्या कचेरीत गेलो (नाव घेत नाही) तिथल्या अर्जावर रकाने दोनच: विक्री किंवा संशोधन. दोरी वळायचीय म्हटलं तर पलीकडच्या खिडकीत पाठवलं, तिथून परत पहिल्या. शेवटी ‘अपूर्ण’ असा शेरा मारून अर्ज परत. ज्या बेटांवर हीच ओलोना कर म्हणून सरदारांना भरत, तिथे ही तऱ्हा! नियम बदलले असतील, तुम्ही विचारून बघा, पण माझ्या मते त्या वाटेला जाऊ नका. ओल्या सावलीच्या घळीत हौसेने ओलोना लावणारे लोक आहेत, त्यांच्याकडून घ्या. सरळ, फांद्या न फुटलेले सोट मागा. फांदीच्या जागी धागा तुटतो.

जाता जाता, ‘माणसाच्या हाडाचा अस्सल जुना गळ’ म्हणून कुणी विकत असेल तर लांब राहा. असे गळ खरंच करत, आपल्या हाडांचे कुणी करू नयेत म्हणून सरदारांची हाडं लपवून पुरत. अशी वस्तू घरात आणायची नसते, आणि कायद्याचं लचांड वेगळंच.

बांधताना दोरी दांड्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे टोकाकडच्या अंगाने सोडा. मी तशीच सोडतो, गळ नीट फिरतो. आधी बादलीत वजन लटकवून गाठ तपासा.