ड्रॅगनला घर सोडून यावे का लागले?

प्रश्न : आमचे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा (पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम), तिसऱ्या लेव्हलवर आहे. खेळाडू चार. ड्रॅगन आणायचा आहे, पण गुहा आणि सोन्याचा ढीग यापलीकडे काही सुचत नाही. — एक डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा), पुणे

उत्तर : भागवताचा दशम स्कंध काढा. कालियाच्या विषाने डोहाचे पाणी उकळते, वरून जाणारे पक्षी मरून पडतात, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. तो तिथे आला कसा, हे सहसा सांगितले जात नाही. रमणक बेटावरचे नाग गरुडाला ठरलेला बळी देत. कालियाने तो वाटा स्वतःच खाल्ला, मार खाल्ला आणि पळाला. यमुनेचा तो डोह निवडला, कारण सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुड तिथे येऊ शकत नव्हता.

आता हेच उलट्या क्रमाने खेळवा. आधी मेलेली गुरे आणि हिरवट पाणी, मग डोहातला ड्रॅगन, आणि शेवटी त्याला हुसकावणारा त्याहून मोठा कोणी. कृष्णही कालियाला मारत नाही. डोक्यावर उमटलेल्या पावलांच्या खुणा हेच त्याचे गरुडापासूनचे अभयपत्र ठरते. तुमच्या खेळाडूंना असे अभयपत्र कुणाकडून आणावे लागेल, त्यावर पाच-सहा सेशन सहज निघतात.

स्टॅट ब्लॉक (प्राण्याच्या आकड्यांचा तक्ता) ग्रीन ड्रॅगनचा घ्या : विषारी श्वास आहे, पाण्यातही राहतो. मात्र ‘यंग’ (तरुण) नको. त्याच्या श्वासाचे सहा बाजूंचे १२ फासे, म्हणजे सरासरी ४२ नुकसान. तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे गुण, साधारण २०. शून्यावर आल्यावर उरलेले २२ त्याच्या कमाल आकड्याहून जास्त, म्हणून तो बेशुद्ध न पडता जागीच मरतो. ‘वर्मलिंग’ (पिल्लू) सहा फासे टाकते, सरासरी २१. विझार्ड आडवा होईल, पण वाचवता येईल. मोठा ड्रॅगन तोवर फक्त पाण्याखालची सावली म्हणून दाखवा.

प्रश्न : आमचा ड्रॅगन दर वेळी दोन फेऱ्यांत मरतो. काय चुकते? — नागपूर

उत्तर : तो जमिनीवर उभा राहतो, हेच. चौघांच्या चार कृती, त्याची एक. यंग ड्रॅगनचा उडण्याचा वेग ८० फूट आहे, तो वापरा. खेळाडू घोळक्याने असतानाच पहिला श्वास सोडा. पुढचा श्वास फाशावर ५ किंवा ६ पडल्यावरच मिळतो, म्हणून मधल्या फेऱ्यांत तो तलवारीच्या टप्प्याबाहेर हवा. सोबत चार कोबोल्ड (सरड्यासारखे छोटे जीव) द्या. खेळाडूंनाही वाट ठेवा, नाहीतर ते वैतागतील. नॉर्स कथेतला सिगुर्ड फाफ्निरच्या पाणवठ्याच्या वाटेवर खड्डा खणून आत बसतो आणि खालून वार करतो. ड्रॅगनची रोजची वाट आधी शोधली, तर असा डाव त्यांनाही साधू द्या.

प्रश्न : ड्रॅगनला मारण्यासाठी कोडे हवे आहे. — ठाणे

उत्तर : महाभारताच्या उद्योगपर्वातला वृत्र हा असुर घ्या. ओल्याने नाही, कोरड्याने नाही, दिवसा नाही, रात्री नाही. इंद्र संध्याकाळी समुद्राच्या फेसाने मारतो. अटी तशाच ठेवा, उत्तर ठरवून ठेवू नका. अटींत बसणारे जे खेळाडू सुचवतील ते चालवा. प्रत्येक अट निदान तीन ठिकाणी कळू द्या, कारण एक खूण हमखास निसटते.