वाचकांचे प्रश्न : कॅम्परव्हॅनमधील गीझर आणि थंडीच्या रात्री

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत आम्ही कॅम्परव्हॅन घेऊन हर्णै, गुहागर, वेंगुर्ले येथे किनाऱ्यालगत मुक्काम करतो. गाडीतील १५ लिटरचा गीझर गॅस व वीज अशा दोन्हींवर चालतो आणि त्याचे जाळीदार दार गाडीच्या बाहेरच्या अंगाला आहे. रात्री तापवलेले पाणी पहाटे कोमट झालेले असते. टाकीला जाड आवरण घालावे, की गीझर रात्रभर चालू ठेवावा?
— एक वाचक, दापोली

उत्तर : रात्रभर मुळीच चालू ठेवू नये. टाकीतून निसटणारी उष्णता ही पाणी आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असल्यामुळे, निवलेले पाणी पुन्हा तापवण्यास अधिक इंधन लागते हा सर्रास आढळणारा समज खरा नाही. बाहेर १८ अंश असताना थर्मोस्टॅट ६० ऐवजी ४८ अंशांवर ठेवल्यास हा फरक ४२ वरून ३० अंशांवर येतो. पाणी आंघोळीच्या थोडे आधी तापवावे. १५ लिटर पाणी २० वरून ४८ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे अर्धा युनिट वीज पुरते. मात्र कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस साठून राहिल्यास त्यात जिवाणू वाढू शकतात, म्हणून अधूनमधून ते ६० अंशांपर्यंत तापवावे.

आवरणाआधी वाऱ्याचा विचार करावा. किनाऱ्यावर रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. गीझरचे दार पूर्वेकडे असेल तर हे गार वारे जाळीतून थेट टाकीशी पोहोचतात. तेव्हा मुक्कामाला गाडी लावतानाच ते दार समुद्राच्या बाजूला येईल असे पाहावे. यास खर्च काहीच नाही.

दुसरी गळती सहसा लक्षात येत नाही. गरम पाण्याचा पाइप टाकीतून सरळ वर जात असेल, तर नळ बंद असतानाही गरम पाणी हलके असल्याने त्यात वर चढते, तेथे निवते आणि परत खाली येते, व हा फेरा रात्रभर चालतो. टाकीतून निघताच पाइपला खाली वळवून मग वर नेणारा बाक दिल्यास तो थांबतो. त्यापुढील पाइपवर एसीचे मेकॅनिक वापरतात ती नायट्राइल रबरची काळी नळी चढवावी. काचलोकर घालू नये. कोकणच्या दमट हवेत ती ओल धरते आणि ओली झाली की निरुपयोगी ठरते.

टाकीचे आवरण यानंतर. ते बर्नरपासून दूर राहील असे बसवावे. हवा येण्याची जाळी, धूर जाण्याचा मार्ग, थर्मोस्टॅटचे झाकण आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह कोणत्याही कारणाने झाकू नयेत. गॅसवर चालणाऱ्या गीझरची जाळी थंडीसाठी म्हणून बंद केल्यास ज्वलन अपुरे होऊन विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, व त्यास वास नसल्याने झोपलेल्यांना तो कळत नाही.