उपचारांचा हक्क आणि नकाराचा जाब

प्रश्न : आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे म्हणणे सोपे आहे. भाषणस्वातंत्र्याच्या हक्कासाठी इतरांनी आड न येणे पुरेसे असते. उपचारांच्या हक्कासाठी मात्र कोणाला तरी वैद्यक शिकावे लागते, कोणाला तरी औषध तयार करावे लागते आणि कोणाला तरी पैसे मोजावे लागतात. शिवाय या मागणीला अंत नाही. जे सर्वांना पुरवता येणारच नाही, त्याला हक्क म्हणण्यात काय अर्थ आहे? (एक निवृत्त लेखापाल)

उत्तर : आपल्या आक्षेपाचे दोन भाग आहेत. हा हक्क खर्चिक आहे, हा पहिला. आणि तो कधीच पुरता पुरवता येणार नाही, हा दुसरा. पहिल्यावर फार थांबण्याचे कारण नाही. मतदानाच्या हक्काला निवडणूक यंत्रणा लागते, मालमत्तेच्या हक्काला पोलीस, न्यायालये आणि नोंदणी कार्यालये लागतात, आणि ज्याच्या नावावर तसूभर जमीन नाही त्याच्याही करातून त्यांचा खर्च भागतो. पदरमोड न करता मिळणारे हक्क शोधू लागलो, तर हाती फारसे काही लागणार नाही.

दुसरा भाग मात्र गंभीर आहे आणि त्याची परीक्षा प्रत्यक्षात झालेली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेच्या २७व्या कलमाने आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, आणि उपलब्ध साधनांच्या मर्यादेत हा हक्क टप्प्याटप्प्याने प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १९९७ मध्ये डर्बन येथील एका बेरोजगार गृहस्थांचे प्रकरण तेथील घटनात्मक न्यायालयापुढे आले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, जोडीला मधुमेह आणि हृदयविकार होता, आणि खासगी डायलिसिससाठी होते नव्हते ते पैसे संपले होते. सरकारी रुग्णालयाकडे डायलिसिसची वीसच यंत्रे होती. त्यामुळे ज्यांच्यावर पुढे मूत्रपिंड प्रत्यारोपण करता येण्याजोगे आहे, अशा रुग्णांनाच नियमित डायलिसिस द्यावयाचे, असा नियम रुग्णालयाने केला होता. त्या नियमात हे गृहस्थ बसत नव्हते. न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

हक्क घटनेत लिहिलेला असूनही माणूस गेला, तेव्हा आपलाच आक्षेप खरा ठरला, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु पाच वर्षांनी त्याच न्यायालयाने त्याच कलमाखाली दिलेला दुसरा निकाल याच्या शेजारी ठेवून पाहावा. मातेकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यास मदत करणारे नेविरापीन हे औषध उत्पादक कंपनी सरकारला पाच वर्षे विनामूल्य देण्यास तयार होती. सरकारने मात्र ते प्रत्येक प्रांतातील दोनच केंद्रांपुरते मर्यादित ठेवले होते. इतरत्र काम करणाऱ्या सरकारी डॉक्टरांना, समोर गर्भवती रुग्ण असूनही, ते देता येत नव्हते. २००२ मध्ये न्यायालयाने हे बंधन अवाजवी ठरवले आणि ते उठवण्याचा आदेश दिला.

पहिल्या खटल्यात टंचाई दाखवता आली, नियम दाखवता आला आणि तो सर्वांना सारखाच लागू होतो हेही दाखवता आले. दुसऱ्या खटल्यात सरकारला आपल्या धोरणाचे समर्थन करता आले नाही. या हक्काचा खरा आशय मला या दोन निकालांमधील फरकात दिसतो. हक्क असला म्हणून प्रत्येक उपचार मिळेलच असे नाही, पण नकार देणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागतो आणि तो जाब पटण्याजोगा नसेल तर नकार मागे घ्यावा लागतो. ऐपतीनुसार मिळणाऱ्या सेवेत नकार देणारा असा कोणी नसतोच. पैसे नव्हते, एवढ्यावर विषय संपतो.

अशी जबाबदारी नसते तेव्हा टंचाईची वाटणी कशी होते, याचे उदाहरणही डायलिसिसच्याच इतिहासात सापडते. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात १९६०च्या दशकाच्या आरंभी, दीर्घकाळ डायलिसिस नुकतेच शक्य झाले असताना, कोणाला यंत्र मिळावे हे ठरवण्यासाठी सात नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. डॉक्टरांनी वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरवलेल्या रुग्णांतून तिने निवड करावयाची होती. सदस्यांची नावे गुप्त असत. आणि रुग्णाचे वय, वैवाहिक स्थिती, पदरी असलेली माणसे, मिळकत, शिक्षण, व्यवसाय, एवढेच नव्हे तर समाजाला त्याचा पुढे होऊ शकणारा उपयोग, या सगळ्याचा विचार होई. ही माणसे दुष्ट नव्हती. नियमावाचून जीव तोलण्याचे काम त्यांच्यावर येऊन पडले होते. हे प्रकरण लोकांसमोर आल्यावर बरेच वादळ उठले आणि १९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मूत्रपिंड निकामी झालेल्या बहुतेक सर्व रुग्णांचा डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यातून देण्याचा कायदा केला.

आता हक्काच्या बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि सरकारचे कर्तव्य असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले. तेथे रुग्ण मोठ्या संख्येने न्यायालयात जाऊ लागले आणि न्यायाधीश एकेका अर्जावर महागडी औषधे देण्याचे आदेश देऊ लागले. वकील गाठू शकणाऱ्याला औषध मिळाले, पण त्यासाठीचा पैसा ज्या सार्वजनिक निधीतून गेला तो वकील न गाठू शकणाऱ्यांचाही होता. म्हणून माझे मत असे, की न्यायालयाने धोरण वाजवी आहे की नाही हे तपासावे. अमुक रुग्णाला अमुक गोळी द्या, असे सांगणे अपवादापुरते ठेवावे. १९६६ चा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करारही, आरोग्याची गाठता येण्याजोगी सर्वोच्च पातळी हा प्रत्येकाचा हक्क मानताना, उपलब्ध साधनांचा जास्तीत जास्त वापर करून क्रमाक्रमाने पूर्तता करण्याचे बंधन राज्यांवर घालतो. हे शब्द पळवाटेसारखे वाटतात, आणि पुष्कळ सरकारे त्यांचा तसा वापर करतातही. परंतु क्रमाक्रमाने पुढे जाणे आणि जागच्या जागी उभे राहणे यातील फरक विचारता येतो, आणि तो विचारत राहिले पाहिजे.

प्रश्न : मी शल्यचिकित्सक आहे. रुग्णाचा हक्क मान्य केला तर माझ्या श्रमांवर आणि कौशल्यावर दुसऱ्याची मालकी मान्य केल्यासारखे होत नाही काय? रात्री-अपरात्री मी करतो ते काम मी स्वखुशीने करतो. हक्क म्हणून ते माझ्याकडून वसूल केले जाऊ नये.

उत्तर : आपली नाराजी समजण्याजोगी आहे, कारण सरकारे हक्क जाहीर करतात आणि त्याचा भार समोर सापडणाऱ्या डॉक्टरवर टाकून मोकळी होतात, असे वारंवार घडते. मोबदल्याची तरतूद न करता मोफत उपचारांची सक्ती केली जात असेल, तर तिला विरोध करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण हा दोष हक्क राबवण्याच्या पद्धतीचा झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये, गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, असा निर्णय दिला. त्यामुळे वकील कोणाच्या मालकीचे झाले नाहीत. त्यांचे शुल्क कोणी द्यावयाचे, एवढेच ठरले. उपचारांच्या हक्काचा ऋणकोही राज्य आहे, व्यक्तिशः आपण नव्हे.

डॉक्टरांचा असा विरोध नवीन नाही. ब्रिटनमध्ये १९४८ च्या आरंभी वैद्यकीय संघटनेने घेतलेल्या चाचणीत डॉक्टरांनी, सरकारी खर्चाने सर्वांना उपचार देऊ पाहणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या विरोधात भरघोस कौल दिला होता. तरी ५ जुलैला सेवा सुरू झाली तेव्हा बहुतेक जण तीत सामील झाले. कुटुंबवैद्यांना सरकारी नोकर न करता स्वतंत्र कंत्राटदार राहू देणे आणि तज्ज्ञांना खासगी रुग्ण तपासण्याची मुभा ठेवणे, या दोन सवलतींचा त्यात मोठा वाटा होता. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात तर सार्वत्रिक विमा लागू झाल्याच्या दिवशीच, १ जुलै १९६२ रोजी, डॉक्टर संपावर गेले आणि तो संप तेवीस दिवस चालला. तडजोड झाल्यावर ते आपापल्या दवाखान्यांत पूर्वीप्रमाणे स्वतंत्रपणे काम करू लागले. बिलाचे पैसे तेवढे सार्वजनिक विम्यातून येऊ लागले. (बुडणाऱ्या बिलांची चिंता मिटल्याचा आनंद त्यांच्यापैकी किती जणांनी उघडपणे व्यक्त केला असेल, याची मला शंका आहे.)

प्रश्न : चाळीस वर्षे धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसांचा खर्च मी माझ्या करातून का द्यावा? ज्याने आपल्या हाताने आजार ओढवून घेतला, त्याचा हक्क कमी का मानू नये?

उत्तर : तत्त्व म्हणून हे न्याय्य वाटते, पण रुग्णाच्या खाटेपाशी ते लागू करू पाहिले की फसते. धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि करणाऱ्या सर्वांना होत नाही. तेव्हा समोरच्या माणसाच्या आजारात त्याचा दोष किती, आनुवंशिकतेचा किती आणि कारखान्यातल्या धुळीचा किती, हे कोणत्याही डॉक्टरला खात्रीने सांगता येणार नाही. शिवाय दोष सिद्ध झाल्यास उपचार घटणार असतील, तर रुग्ण खरे सांगणार नाही, आणि खोट्या माहितीवर केलेले निदान चुकेल. धूम्रपान करणाऱ्याने अधिक पैसे द्यावेत असे आपल्याला वाटत असेल, तर ते तंबाखूवरील करातून आधीच वसूल करता येतात. २००३ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारात या उपायाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याने मागणीही घटते.

एक भेद मात्र लक्षात घ्यावा. यकृत प्रत्यारोपणापूर्वी अनेक ठिकाणी मद्यत्यागाची अट घातली जाते. तिचा आधार नवे यकृत टिकण्याची शक्यता हा असेल तर ती वैद्यकीय अट आहे. मागच्या वर्तनाची शिक्षा म्हणून ती घातली जात असेल, तर तिचे समर्थन मी करणार नाही.

प्रश्न : आरोग्यसेवा हक्क ठरली, तर ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला रांग टाळून अधिक चांगले उपचार विकत घेण्यास बंदी करावी लागेल का?

उत्तर : नाही. सर्वांना पुरेसे मिळावे, असे हा हक्क सांगतो. कोणालाही अधिक मिळू नये, असे सांगत नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, सार्वजनिक व्यवस्थेत मिळणाऱ्या सेवांसाठी खासगी विमा काढण्यास कायद्याने मनाई होती. सार्वजनिक रांगा इतक्या लांबल्या असताना ही मनाई टिकू शकत नाही, असा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी दिला. त्या निकालाशी मी सहमत आहे, पण अस्वस्थ होऊन. डॉक्टर आणि परिचारिका मोजकेच असतात, आणि खासगी रांगेत गेलेला तज्ज्ञ त्या वेळी सार्वजनिक रांगेत नसतो. त्यामुळे खासगी सेवेला मुभा देणाऱ्या सरकारने सार्वजनिक सेवेतील प्रतीक्षेची कमाल मुदत कायद्याने ठरवून द्यावी, आणि ती उलटल्यास रुग्णाचे उपचार अन्यत्र सरकारी खर्चाने करावेत. डेन्मार्कमध्ये अशा स्वरूपाची तरतूद आहे: ठरलेल्या मुदतीत सार्वजनिक रुग्णालयाला उपचार देता आले नाहीत, तर करारबद्ध खासगी रुग्णालयात जाता येते आणि बिल सार्वजनिक यंत्रणा भरते.