जपानची जुनी ड्रॅगनची तिकिटं खरी की बनावट, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या अल्बममध्ये जपानची दोन ड्रॅगन असलेली चौकोनी तिकिटं आणि फुलांच्या फांद्या असलेली काही तिकिटं सापडली आहेत. अल्बम शंभर वर्षांचा आहे, म्हणजे ती खरीच असणार ना? आणि विकली तर किती येतील?

"अल्बम शंभर वर्षांचा आहे" हे वाचलं आणि लिहायला बसले. अल्बमच्या वयावरून काहीही सिद्ध होत नाही. जपानच्या पहिल्या तिकिटांच्या बहुतेक नकला आजच्या नाहीतच. त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, खुद्द जपानमध्येच, परदेशी प्रवाशांना विकायला छापल्या गेल्या. अशा नकला छापणाऱ्या टोकियोच्या वादा कोतारोचं नाव तर या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे नक्कलसुद्धा सव्वाशे वर्षांची आहे, तिचा कागद जुना, शाई जुनी, आणि ज्या अल्बममध्ये ती चिकटवली तोही अस्सल जुना.

आमच्या घरात याच मुद्द्यावर कित्येक वर्षं वाद चाललाय. माझ्या मामाचे आजोबा मुंबईत कापसाच्या पेढीवर होते. १८९३ साली निप्पॉन युसेन कायशा या जपानी जहाज कंपनीने मुंबई ते जपान अशी बोटींची फेरी सुरू केली आणि इथला कापूस थेट जपानच्या कोबे बंदरात जायला लागला. पेढीच्या कामासाठी आजोबाही तिकडे जाऊन आले आणि येताना एका कार्डावर ओळीने चिकटवलेली तिकिटं घेऊन आले. मामा स्वतः पट्टीचा संग्राहक. गिरगावातल्या त्याच्या घरी कोणीही आलं की ते पान उघडलं जायचं. त्याच्या ओळखीतल्या एका जाणत्या विक्रेत्याने "शंभर टक्के अस्सल" असा शेराही दिला होता. फांदीखालची दोन बारीक जपानी अक्षरं म्हणजे छापखान्याची गुप्त खूण, असं याच गृहस्थांनी मामाला सांगितलं होतं.

मी जपानी शिकत होते तेव्हा एका दिवाळीत मामानेच कौतुकाने ते पान माझ्यापुढे ठेवलं. "वाच बघू काय लिहिलंय." राखाडी रंगाचं ३० सेनचं (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) तिकीट होतं, साकुरा मालिकेतलं, म्हणजे तुमच्याकडचं फुलांच्या फांद्यांचं. दहापट भिंग लावलं. वर शेवंतीचं राजचिन्ह असतं, त्याला सोळा पाकळ्या हव्यात. मी तीनदा मोजल्या, पंधराच भरत होत्या. मग फांदीकडे आले. काळ्या शिक्क्याच्या कडेखालून पहिल्या अक्षराचा तळ डोकावत होता, तीन समांतर तिरक्या रेघा. शेजारच्या तिकिटावर तीच जोडी पूर्ण दिसत होती: 'सान्को', संदर्भासाठी. काही नकलांवर 'मोझो' असतं, म्हणजे सरळ 'नक्कल'. उघडपणे विकता यावं म्हणून नकला करणारे हे शब्द चित्रातच छापत. परदेशी गिऱ्हाइकाला ते वाचता येत नसत, आणि पुष्कळदा नेमका त्यावरच खोटा शिक्का मारलेला असे.

मामा एवढंच म्हणाला, "आजोबा फसले असं म्हणायचंय का तुला?" मी असं म्हणालेच नव्हते. आजोबांनी बंदरावर चार पैसे देऊन आठवण म्हणून कार्ड घेतलं, त्यात फसवणूक कसली? फसवणूक केली ती "अस्सल" म्हणून छातीठोक सांगणाऱ्याने. अक्षर वाचता येत नसताना त्याला छापखान्याची खूण म्हणायला माणसाला काही वाटू नये याचा मला आजही राग येतो.

आता ड्रॅगनकडे येऊ. पहिली मालिका २० एप्रिल १८७१ ची. त्याच दिवशी माएजिमा हिसोका यांनी आखलेली टोकियो, क्योतो, ओसाका ही टपालसेवा सुरू झाली. किमती मोन या जुन्या जपानी चलनात: ४८ मोन तपकिरी, १०० निळं, २०० शेंदरी, ५०० हिरवं. या चारांना छिद्रं नाहीत आणि मागे गोंदही नव्हता. पुढच्या वर्षी तशाच ड्रॅगनची सेनमधली मालिका आली, तिला छिद्रंही आहेत आणि गोंदही. त्यामुळे आधी किंमत मोनमध्ये आहे की सेनमध्ये ते बघा. मोनच्या तिकिटाला छिद्रं दिसली तर पुढे तपासायचीही गरज नाही.

खरी गंमत प्लेटमध्ये, म्हणजे छपाईच्या पत्र्यात आहे. क्योतोच्या मात्सुदा यांच्या कारखान्यात तांब्याच्या प्रत्येक पत्र्यावर चाळीस तिकिटं हाताने, एकेक करून स्वतंत्र कोरली. एकाच्या ड्रॅगनची मिशी दुसऱ्याशी जुळत नाही, कडेच्या वळणावळणाच्या नक्षीत कुठे रेघ तुटलेली, कुठे जास्तीची. म्हणून अस्सल तिकिटाला प्लेटवर स्वतःची जागा असते आणि अभ्यासक ती शोधून देतात. ज्याला कोणत्याच प्लेटवर जागा मिळत नाही ते बनावट. हाच पुरावा मी सगळ्यात पक्का मानते. मामाकडे २०० मोनची तीन तिकिटं आहेत आणि तिन्हींत उजव्या कोपऱ्यातली नक्षी एकाच ठिकाणी, तेवढीच तुटलेली आहे. एकाच कार्डावर एकाच जागेची तीन? हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने पान उलटलं.

कागदाबद्दल लोक फार बोलतात. अस्सल मोन तिकिटांचा कागद देशी, पातळ, उजेडात धरला तर लांब तंतू दिसतात. जाड, पांढरा, गुळगुळीत कागद असेल तर संशय घ्या. पण उलट बाजूने हा नियम चालत नाही, कारण देशी कागद जपानमध्ये नकला करणाऱ्यालाही मिळतच होता. शिवाय साकुरा मालिकेत पुढे परदेशी कागदही आला. १८७४ पासून त्या तिकिटांवर प्लेट ओळखण्यासाठी काताकाना या जपानी लिपीतलं एक बारीक अक्षर असतं, आणि कोणत्या किमतीवर कोणतं अक्षर निघालं हे ठरलेलं आहे. नकलेवर भलतंच अक्षर सापडतं. युरोपातल्या दगडी छापाच्या नकला तर भिंगाखाली लगेच उघड्या पडतात, रेघ मऊ आणि सपाट, कोरीव रेघेची धार नाही.

हे सगळं वाचून घरच्या घरी निकाल देऊ नका मात्र. काही नकलांवर सान्को-मोझो काहीच नसतं, आणि शेवंतीला बरोबर सोळा पाकळ्या असलेल्या नकलाही असू शकतात. एखादी खूण चुकीची निघाली तर तिकीट बाद होतं, पण एक खूण बरोबर निघाली म्हणून ते पास होत नाही.

किंमत मी सांगणार नाही. आधी जपानी तिकिटांच्या तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र घ्या. साध्या तिकीट विक्रेत्याचा शेरा नको, तो कितीही वर्षं धंद्यात असला तरी. तोवर तिकिटं पाण्यात घालून सोडवू नका, दोन्ही बाजूंचे मोठे स्कॅन काढा. आणि घरातलं कोणी "आमच्या आजोबांवर संशय घेतोस का" म्हणालं, तर त्यांच्या हातात भिंग द्या आणि पाकळ्या मोजायला सांगा. मामाने अजून मोजलेल्या नाहीत.