इन्सुला कुठे असतो आणि तो खरंच भावनांचं किंवा व्यसनाचं केंद्र आहे का?

तुम्ही विचारलंय की मेंदूच्या आकृतीत सगळे खंड दिसतात, पण इन्सुला का दिसत नाही? शिवाय एक लेख त्याला भावनांचं केंद्र म्हणतो, दुसरा व्यसनाचं. मग यातलं खरं कुठलं? मी शरीररचनाशास्त्र शिकवतो आणि मेंदूतला हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेंदूकडे बाजूने पाहिलं की वर फ्रंटल आणि पराएटल खंड, खाली टेम्पोरल खंड आणि त्यांच्यामध्ये एक खोल तिरपी भेग दिसते. तिला सिल्व्हियन फिशर म्हणतात. या भेगेच्या कडा हलकेच बाजूला केल्या की तळाशी कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, एक त्रिकोणी तुकडा दिसतो, तोच इन्सुला. गर्भात तो सुरुवातीला उघडाच असतो. पुढे शेजारचे खंड त्याच्याहून झपाट्याने वाढतात आणि त्याला झाकून टाकतात. म्हणून बाहेरून काढलेल्या चित्रात तो येत नाही. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना एकेक असतो.

त्याच्यावरून एक तिरकी खाच जाते. तिच्या पुढे बहुधा तीन आखूड वळ्या असतात आणि मागे दोन लांब. मिडल सेरेब्रल धमनीच्या फांद्या त्याच्या अंगावरूनच जातात, त्यामुळे इथली गाठ काढणं हे शस्त्रक्रियेतल्या फार नाजूक कामांपैकी एक आहे.

आता काम. त्यासाठी या भागाचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग लक्षात ठेवा. मागच्या भागाला थॅलॅमसमार्फत (मेंदूच्या मधोमध असलेलं, संवेदना पुढे पाठवणारं केंद्र) शरीराच्या आतली खबर मिळते: वेदना, उष्ण-थंड, खाज, पोटातला ताण, हृदयाची धडधड. चवीचा प्राथमिक कॉर्टेक्सही इन्सुलात आणि त्याला लागूनच आहे. मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी फॉक यांनी 1955 मध्ये जाग्या रुग्णांवरच्या शस्त्रक्रियांमधली निरीक्षणं प्रसिद्ध केली. इन्सुलाला सौम्य विद्युतप्रवाह दिला की रुग्णांना पोटात काहीतरी होतंय असं वाटे, मळमळ होई, कधी तोंडाला चव येई.

पुढच्या भागाचे धागे अमिग्डला (भीतीसारख्या भावनांशी जोडलेला भाग), सिंग्युलेट कॉर्टेक्स (मेंदूच्या आतल्या बाजूचा पट्टा) आणि फ्रंटल खंडाशी जुळलेले आहेत. मेंदूशास्त्रज्ञ क्रेग यांनी 2002 मध्ये अशी मांडणी केली की मागे आलेली कच्ची खबर पुढे सरकताना प्रसंग, आठवण आणि अपेक्षा यांच्याशी जोडली जाते आणि ‘मला आत्ता कसं वाटतंय’ हे तिथे ठरतं. मला ही मांडणी पटते, तपशिलांबद्दल वाद असले तरी. 2004 मध्ये क्रिचली आणि सहकाऱ्यांना दिसलं की नाडीला हात न लावता स्वतःचे ठोके ज्यांना अचूक ओळखता येतात, त्यांच्या उजव्या इन्सुलाचा पुढचा भाग त्या वेळी जास्त सक्रिय असतो.

व्यसनाची गोष्ट 2007 मधल्या नक्वी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून आली. मेंदूला इजा झालेल्या 69 धूम्रपान करणाऱ्यांकडे त्यांनी पाहिलं. ज्यांच्या इजेत इन्सुला सापडला होता, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची सिगारेट अगदी सहज सुटली, तलफही राहिली नाही. त्यांतला एक जण दिवसाला 40हून जास्त सिगारेटी ओढायचा. पण यावरून ‘व्यसनाचं केंद्र’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. तलफ म्हणजे शरीरातून उठणारी ओढच आहे. ती जाणवणंच थांबलं तर सवयीचा जोर ओसरतो. व्यसनात इन्सुलाशिवाय इतर कितीतरी जाळी गुंतलेली असतात.

‘भावनांचं केंद्र’ या शब्दाबद्दल तर माझा आक्षेप आणखी ठाम आहे. एमआरआयच्या प्रयोगांत इन्सुला किळस, वेदना, भीती, प्रेम, कसलाही निर्णय, अशा जवळपास प्रत्येक वेळी सक्रिय दिसतो. त्यामुळे इन्सुला सक्रिय झाला म्हणजे माणसाला किळस आली, असं उलट अनुमान काढता येत नाही. बातम्यांमध्ये मात्र सर्रास तेच केलं जातं.

सगळ्यात बोलका पुरावा एका रुग्णाचा आहे. मेंदूच्या हर्पिस संसर्गामुळे त्याचे दोन्ही बाजूंचे इन्सुला जवळजवळ नष्ट झाले होते. तरी त्याला भावना होत्या, स्वतःची ओळख होती. खालसा आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्याला ठोके वाढवणारं औषध दिलं, तर ते वाढलेले ठोकेही त्याला जाणवले. मग छातीवर जिथे धडधड जाणवते तिथली त्वचा त्यांनी बधिर केली. निरोगी लोकांना त्यानंतरही ठोके कळत राहिले, त्याला मात्र ते नीट कळेनात. म्हणजे हृदयाची खबर मेंदूपर्यंत दोन वाटांनी पोचते, एक इन्सुलातून आणि दुसरी त्वचेच्या संवेदनेतून. त्याच्याकडे दुसरीच तेवढी उरली होती.