पोरगं दुसऱ्याच्याच सिरीजचे एपिसोड लिहीत बसतं, काय करू?

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या रामबागेतल्या एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आल्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, बी.कॉम. सेकंड इयर. (ओंकार म्हणते त्याला, नाव आणि घरच्या खुणा बदलल्यात, दोघांना विचारूनच लिहितेय.) खुर्चीत टेकायच्या आधीच आई सुरू, "मॅडम, हा रात्री दोन-दोनपर्यंत लिहितो, आणि स्वतःचं नाही हो, दुसऱ्याचं! बंद पडलेल्या इंग्लिश सिरीजचे पुढचे एपिसोड. कोण दाखवणार आहे ते? एटीकेटी लागली ती ह्याच्यामुळेच."

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा येतो, कधी कथा असतात कधी कविता, ह्याचे मात्र स्क्रीनप्ले होते, सीन हेडिंग, इंटिरियर-एक्स्टिरियर सगळं जिथल्या तिथे.

ओंकारशी एकट्याशी बोलले तर तारखाच वेगळ्या निघाल्या. एटीकेटी आधी लागली, लिहिणं नंतर सुरू झालं. कॉस्टिंगच्या पेपरात गचकल्यावर कॉलेजात तोंड दाखवायला नको वाटायचं, आणि इथे चार मित्र दर शुक्रवारी पुढच्या एपिसोडची वाट बघायचे. जिथे जमतं तिथे माणूस जाऊन बसतो, त्याला व्यसन म्हणायची घाई करू नये. झोपेचं मात्र आईंचं बरोबर होतं, ते मी त्याला तोंडावर सांगितलं.

आता "दुसऱ्याचं" ह्या शब्दाबद्दल. घरात बाबांना नाट्यसंगीताचं वेड, सानंद संस्थेचं नाटक चुकवत नाहीत, म्हणून आईंना म्हटलं, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली सौभद्र रंगमंचावर आणलं, त्यातला अर्जुन काय त्यांनी शोधला होता? आई हसल्या, पण पटलं नाही, "ते महाभारत आहे मॅडम." आणि खरंय, महाभारत कुणाच्या मालकीचं नाही, ही सिरीज आहे.

आणि मालकीचा प्रश्न येणारच होता, कारण ओंकारचा प्लॅन पुढचा होता. त्याला आपली स्क्रिप्ट सिरीजवाल्या कंपनीला मेल करायची होती. मला त्यातलं फार कळत नव्हतं म्हणून घरी येऊन वाचत बसले. १९८९ सालच्या दोन गोष्टी सापडल्या आणि दोन्ही त्याला सांगितल्या. रोनाल्ड मूर नावाच्या पोराने आवडत्या स्टार ट्रेक सिरीजसाठी आपणहून एपिसोड लिहून दिला, तो त्या वर्षी दाखवला गेला आणि तो तिथेच लेखक झाला, पण त्या सिरीजवाल्यांनी बाहेरच्यांना दार उघडं ठेवलं होतं. दुसरा टिमोथी अँडरसन, त्याने न विचारता रॉकी ह्या बॉक्सिंगच्या सिनेमाच्या चौथ्या भागाची गोष्ट लिहिली, नंतर माझी गोष्ट चोरली म्हणून तिकडे अमेरिकेत कोर्टात गेला, आणि कोर्ट म्हणालं पात्रंच तुझी नाहीत तर ह्या लिखाणावर तुझा हक्क कसला. आपल्याकडेही १९५७ चा कॉपीराइट कायदा रूपांतराचा हक्क मूळ मालकालाच देतो. ओंकार बराच वेळ गप्प होता. मेल राहिला.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. मी सांगितलं, दोन पानं आईला वाचायला दे, सिरीजबद्दल काही सांगू नको. पुढच्या वेळी तोंड पाडून आला. म्हणे, आईने विचारलं, "हा कोण? आणि ही दार उघडताच रडते का?" सीन छान होता, संवाद कुरकुरीत, मी वाचलाय, पण रडण्याचं कारण दुसऱ्या सीझनमध्ये होतं आणि ते मित्रांना पाठ होतं. अर्धं काम वाचणारेच करत होते. सीन कुठे कापायचा, दोन माणसं एकमेकांशी न बोलता कशी बोलतात, एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा अंदाज, हे सगळं तो शिकला होता, फुकट आणि आनंदाने, कुठल्या क्लासला इतकं मन लावलं नसतं. अनोळखी माणसाची ओळख करून द्यायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

मग दहा पानं स्वतःच्या पात्राची असं ठरलं. त्याने सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा किस विकणारी एक बाई घेतली. तीन आठवड्यांनी वैतागून आला, "बोर आहे मॅडम, हिच्यावर जीवच बसत नाही."

मी विचारलं, "त्या सिरीजमधल्या डिटेक्टिव्हवर पहिल्या एपिसोडला बसला होता?"

"नाही... चौथ्याला वगैरे."

सध्या दोन्ही लिहितो. कॉस्टिंग निघाला, बावन्न मार्क. रात्री बारानंतर लॅपटॉप हॉलमध्ये ठेवायचा असं आईंनी ठरवलंय आणि त्यावरून अजून भांडणं होतात.