एसव्हीएन नव्या सर्व्हरवर हलवताना

एसव्हीएन (सबव्हर्जन) म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल इतिहासासकट जपणारी प्रणाली. ती हलवताना चेकआउट करून (म्हणजे कोडची प्रत उतरवून) नव्या ठिकाणी इम्पोर्ट करायचा विचार आधी सोडून दे. त्यात फक्त आजचा कोड जातो. कोणी, कधी, का बदललं ते सगळं मागेच राहतं.

जुन्या सर्व्हरवर पहिल्यांदा 'एसव्हीएनॲडमिन व्हेरिफाय' चालव. रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा सगळा इतिहास साठवलेली जागा) आतून बिघडलेली असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. मग स्टार्ट-कमिट हुकमधून (कमिट सुरू होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून) नवे कमिट, म्हणजे बदलांच्या नव्या नोंदी, अडव. टीमला नुसता मेल टाकून भागत नाही, कोणीतरी कमिट करतोच! त्यानंतर 'डंप' (सगळ्या इतिहासाची फाइल) काढ, नव्या सर्व्हरवर रिकामी रिपॉझिटरी बनव आणि तिथे 'लोड' कर. रिपॉझिटरी रिकामी असली की जुना यूयूआयडी (रिपॉझिटरीचा ओळख क्रमांक) आपोआप येतो. तो जपच, कारण तो जुळला तरच लोकांना 'एसव्हीएन रिलोकेट' करून आपल्या प्रतीला नव्या सर्व्हरचा पत्ता देता येतो. अर्धवट कामासकट त्यांची वर्किंग कॉपी (स्वतःच्या मशिनवरची प्रत) तशीच राहते.

डंपमध्ये हुक आणि कॉन्फ (सेटिंग्ज) हे फोल्डर येत नाहीत. ते हाताने उचल आणि हुकना एक्झिक्यूट परवानगी आहे ना ते बघ.

खरी गंमत एक्स्टर्नल्सची, म्हणजे दुसरीकडचा कोड आत आणणाऱ्या दुव्यांची. त्यात सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असेल तर जुन्या रिव्हिजन (प्रत्येक कमिटने बनलेल्या आवृत्त्या) कायम जुन्या सर्व्हरकडेच बोट दाखवणार. म्हणून शक्य असेल तर डीएनएसमधलं (सर्व्हरचं नाव आणि पत्ता जोडणाऱ्या यंत्रणेतलं) जुनं नावच नव्या मशिनकडे वळव. माझ्या मते निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

शेवटी दोन्हीकडे 'एसव्हीएनलुक यंगेस्ट' चालवून शेवटच्या रिव्हिजनचा आकडा जुळव, चार-पाच जुन्या फायलींचा लॉग आणि ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली ते) बघ. जुना सर्व्हर लगेच पुसू नकोस.